अमावास्येची होडी: ऐतिहासिक कादंबरीत संशोधन किती आणि कुठे

गोव्यात, झुआरी नदीकाठी, दुर्भाटच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या तारीला, म्हणजे होडीवाल्याला, मी विचारलं होतं, काळोख्या रात्री होडी घालताना तुम्हाला दिसतं कसं? तो म्हणाला, "बाये, काळखांत उदक पळोवंचें न्हय, आयकुंचें." अंधारात पाणी बघायचं नसतं, ऐकायचं असतं. त्याआधी तीन वर्षं मी पुस्तकं उपसत होते. वह्या भरल्या होत्या, पण माझ्या कादंबरीचं चौथं प्रकरण काही केल्या हलत नव्हतं. त्या एका वाक्याने ते हललं.

मी फोंड्याजवळ राहते. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर एक कादंबरी लिहिली. 1560 साल, गोव्यातल्या साष्टीचा नदीकाठ, एका वाड्यावरची लहानशी देवी, आणि तिला रातोरात झुआरीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडच्या मुलखात, नेणारी चार-पाच माणसं. सगळी कादंबरी त्या एका रात्रीभोवती फिरते. आता ऐतिहासिक लिहू पाहणारी मुलं-मुली घरी येतात आणि बहुतेक सगळी एकच विचारतात: अभ्यास किती करायचा, आणि त्यातलं गोष्टीत किती घालायचं? त्यांना जे सांगते ते इथे लिहिते आहे.

माझं उत्तर असं: मिळालेली माहिती पात्राच्या वाटेत उभी करा. जी माहिती कुणाला अडवते, घाबरवते, वाट बदलायला लावते, ती गोष्टीत राहते. जी कुणालाच अडवत नाही ती वहीत राहू द्या, कितीही कष्टाने मिळवलेली असली तरी.

आधी माणूस, मग काळ

"मला पोर्तुगीज काळावर लिहायचंय" म्हणून कुणी आलं की मी विचारते, कोणत्या? 25 नोव्हेंबर 1510 ला आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा शहर घेतलं आणि 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. मध्ये साडेचारशे वर्षं आहेत. तिसवाडी, बारदेश, साष्टी हे जुन्या काबिजादीतले, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखातले, महाल. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, केपें, काणकोण हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती गेला. म्हणजे 1600 साली साष्टीतला माणूस ज्या कायद्याखाली जगत होता, तो नदीच्या या बाजूला, अंत्रुजात, लागूच नव्हता. इथे आदिलशाही होती. माझी सगळी कादंबरी या एका फरकावर उभी आहे. नदीच्या एका काठावर देवी ठेवता येत नाही, दुसऱ्या काठावर येते, आणि मधे पाणी आहे.

म्हणून एक माणूस घ्या, त्याला एक काम द्या, आणि ते काम कोणत्या दिवसापर्यंत व्हायला हवं ते ठरवा. अभ्यासाला दिशा तिथून मिळते. माझा तारी होडी घालणार म्हटल्यावर मला व्हाइसरॉयच्या दरबाराची माहिती लागेना. मला लागली ती भरती-ओहोटी, वल्हं, काठावरचा चिखल आणि पहाऱ्याची माणसं.

आणखी एक. मी मुद्दाम प्रसिद्ध देवस्थान निवडलं नाही. मंगेशाला 1560 मध्ये कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला आणलं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. या कथा हजारो कुळांच्या आहेत, त्या घराघरांत जपून सांगितल्या जातात. तिथे मी एक पात्र मनाने घातलं असतं तर कुणाच्या तरी आजीच्या आठवणीवर लिहिल्यासारखं झालं असतं. म्हणून वाडा काल्पनिक, देवी काल्पनिक, आणि मंगेशाची होडी आधीच गेल्याची नुसती कुजबुज. पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांनी हे जरूर करावं. मोठी घटना क्षितिजावर ठेवा, आपली गोष्ट तिच्या सावलीत घडू द्या.

भरतीचं गणित

या एका गोष्टीबद्दल सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं यात आहे.

पहिल्या खर्ड्यात मी होडी कृष्ण अष्टमीच्या रात्री सोडली होती. चंद्र मध्यरात्री उगवतो, तोवर अंधार, मग थोडा उजेड, वर्णनाला छान. मग तारीने पाण्याचं गणित सांगितलं. आमच्याकडचे तारी आणि मासे मारणारे तिथीची पाऊणपट करतात आणि पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं, आणि तिथून मध्यरात्रीपर्यंत ओहोटी. माझी माणसं संध्याकाळ कलल्यावर साष्टीच्या काठावरून निघून नदीच्या वरच्या अंगाला, दुर्भाटकडे, निघाली होती. ओहोटीने त्यांना उलटं समुद्राकडे ओढलं असतं, आणि मध्यरात्री पाणी फिरलं तेव्हा आकाशात चंद्र आला असता.

अमावास्येला काय होतं? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. संध्याकाळी पाणी तळाला असतं, तिन्हीसांजेनंतर चढू लागतं, आणि जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत समुद्र नदीत शिरत राहतो. होडी आपोआप वर ढकलली जाते, वल्ह्याचा आवाज करावा लागत नाही, आणि आकाशात चंद्र नाही. लपून जाणाऱ्याला हीच रात्र हवी. पण अमावास्येची भरती उधाणाची. पाणी जोरात चढतं, होडी हातात राहत नाही, आणि एकदा सुटली की मधे थांबता येत नाही. कुणी मागे राहिलं तर राहिलं.

हे कळल्यावर कादंबरीत आपोआप तीन गोष्टी आल्या. निघण्याची रात्र एकच, ती चुकली तर महिना थांबा. महिना थांबलात तर मृग लागेल, पावसाची नदी वेगळी. आणि वाड्यावरची एक बाई वेळेवर काठाला पोहोचली नाही. ती का पोहोचली नाही, हे शोधताना मला दुसरा भाग सापडला. यातलं काहीही मी वाचकाला समजावून सांगितलेलं नाही. पुस्तकात 'पाऊणपट' हा शब्दही नाही. म्हातारा तारी बोटांवर तिथी मोजतो आणि म्हणतो, "त्याच रात्री. नाहीतर नाही." एवढंच.

तुमच्या विषयात नदी नसेल, पण असं काहीतरी असतंच. इथून पत्र घेऊन जहाजं साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटत, लिस्बनहून निघणारी जहाजं मार्च-एप्रिलमध्ये सुटून सप्टेंबरच्या आसपास इथे पोहोचत. प्रश्न विचारून उत्तर यायला दीड-दोन वर्षं. तुमचं पात्र राजाकडे दाद मागणार असेल तर या दोन वर्षांत त्याचं घर कोण चालवणार? प्रवासाचा काळ, पावसाळा, नाण्याची किंमत, कोणत्या वेशीपर्यंत कुणाचा हुकूम चालतो, या गोष्टी आधी शोधा. कपड्यांची काठ-किनार नंतर.

कागद वाचताना

पणजीचा पुराभिलेख विभाग हा मोठा ठेवा आहे. 1595 मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतु यांच्याकडे इथल्या कागदपत्रांच्या जतनाचं काम आलं, तिथून या दप्तराची परंपरा मोजतात. लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार तिथे 'मान्सूनच्या वह्या' म्हणून बांधलेला आहे, कारण पत्रं वाऱ्याच्या मोसमाबरोबर ये-जा करत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी हे दप्तर आयुष्यभर चाळलं आणि मराठ्यांच्या इतिहासाला लागणारं कितीतरी साहित्य उजेडात आणलं. पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय 1832 चं, आणि पर्वरीला इतिहास संशोधनाचं झेवियर सेंटर आहे. पोर्तुगीज येत नसेल तर निराश होऊ नका. मलाही शब्दकोश घेऊन एक पान वाचायला अर्धा दिवस लागे. छापील इंग्रजी आणि मराठी भाषांतरांत पुष्कळ आहे. मोडी मात्र शिका. चार-सहा महिन्यांत हात बसतो, आणि देवस्थानांचे, घराण्यांचे जुने कागद उघडतात. गावकारीच्या, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थेच्या, त्याहून जुन्या वह्या गोंयकानडीत, म्हणजे कंदवी लिपीत होत्या. ती वाचणारं कुणी भेटलं तर त्यांच्या पायाशी बसा.

कागद कसा वाचायचा याचं एक उदाहरण देते. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 मध्ये आलं, मधली थोडी वर्षं सोडता 1812 पर्यंत टिकलं. त्याच्या खटल्यांचे मूळ कागद बहुतेक नष्ट झाले. पण 1736 चा एक मनाईहुकूम उपलब्ध आहे. ख्रिस्ती झालेल्या घरांनी काय काय करू नये याची त्यात लांबलचक यादी आहे. लग्नात गाणी म्हणू नयेत. विडा-सुपारी-फुलं वाटू नयेत. अंगणात तुळस लावू नये. पुडवें (धोतर) नेसू नये. भात हिंदूंसारखा बिनमिठाचा शिजवू नये. हा हुकूम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, कारण ज्याची मनाई करावी लागते ते चालू असतं. पावणेदोनशे वर्षांनंतरही कुणीतरी बिनमिठाचा भात शिजवत होतं आणि तुळशीला पाणी घालत होतं. एका घराचं इतकं बारीक वर्णन कुठल्याही बखरीत नाही.

मनाई, दंड, तक्रार, कज्जा, वाटणी हे कागद आधी मागा. गौरव करणारे कागद नंतर. आणि कागदाचं साल विसरू नका. 1736 चा हुकूम वाचून मी 1560 च्या घरात थेट काहीही ठेवलेलं नाही. फक्त बिनमिठाचा भात ठेवला, कारण ती रीत हुकुमाच्या कितीतरी आधीची असणार हे उघड आहे. हुकूम काढणाऱ्यांची भाषा मात्र घेतली नाही.

प्रवाशांची वर्णनंही अशीच जपून वापरा. यान हुयगेन व्हान लिन्स्खोटेन हा डच तरुण 1583 ते 1588 गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. बाजार, पालख्या, लिलाव, सगळं त्याने लिहून ठेवलं. पण त्याने शहर पाहिलं. माझ्या वाड्यावरच्या चुलीपाशी तो कधी बसला नाही. तिथलं मला ओव्यांतून, धालोच्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याच्या, गाण्यांतून आणि म्हाताऱ्या बायकांच्या हातांतून घ्यावं लागलं.

तारखांचं एक जाळं सांगून ठेवते. पोर्तुगालने 1582 च्या ऑक्टोबरात नवं पंचांग घेतलं, 4 तारखेनंतर थेट 15. ही बातमी गोव्याला पुढच्या वर्षी पोहोचली. म्हणून कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या हातून पाद्री मारले गेले तो 1583 च्या जुलैतला दिवस कुठे 15 तर कुठे 25 छापलेला दिसतो. दोन्ही बरोबर. कोणतंही साल एका कागदावरून उचलू नका आणि शक असेल तर पात्राच्या कालगणनेत लिहा. माझ्या तारीला 1560 ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी ते शके 1482, रौद्र संवत्सर. हे नाव मिळालं तेव्हा ते पानोपानी मिरवावंसं वाटलं. पुस्तकात ते एकदाच येतं, भट संकल्प सांगतो तेव्हा.

ताट, भांडं आणि जिभेवरचा शब्द

इथे मी चुकले होते, म्हणून जीव तोडून सांगते. खूप वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती, आल्बुकेर्क येण्याच्या आधीच्या काळातली. त्यात एक मुलगी मानकुराद आंबा खाते. म्हापशाहून एका वाचकाचं पत्र आलं: बाई, मानकुराद हे नावच पोर्तुगीज शब्दावरून आलं, तुमच्या मुलीच्या तोंडी ते कसं? ते पत्र मी अजून वहीत ठेवलं आहे. त्या चुकीने त्या वाचकाचा बाकीच्या कथेवरचा विश्वास गेला, आणि ते योग्यच होतं.

तेव्हापासून स्वयंपाकघरात शिरण्याआधी मी यादी करते. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, पेरू, पपई, अननस ही सगळी अमेरिकेतून आलेली, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर. 1510 च्या आधीच्या गोव्यात ही नकोतच. 1560 मध्ये मिरची शहराच्या बाजारात असेल, नसेल. एका खेडवळ वाड्याच्या हुमणात (माशांच्या कालवणात) ती मी घातली नाही. तिथे मिरी, तिरफळ, सोलं आणि नारळ आहे. पेजेबरोबर मिठातली तोरं (कैऱ्या) आणि भाजलेलं खारं (सुकी मासळी). शंका असेल तिथे वस्तू काढून टाकायची. नसलेल्या वस्तूमुळे कथा अडत नाही, चुकून आलेली वस्तू तिला पाडते.

शब्दांचंही तसंच. चावी, बादली, घमेलं, पगार, लिलाव, तुरुंग, इस्त्री हे शब्द आपल्याला इतके आपले वाटतात की हात आपोआप तिकडे जातो. सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. निवेदनात ते चालतील, कारण निवेदन आजचं आहे. पण 1560 च्या म्हातारीच्या तोंडी चावीऐवजी किल्ली, बादलीऐवजी कळशी, तुरुंगाऐवजी बंदिखाना. तिच्या तोंडी 'दोन मिनिटं' नको, 'घटकाभर' हवं. घटका म्हणजे 24 मिनिटं, प्रहर तीन तासांचा. तेवढा वेळ त्या प्रसंगात खरंच जातो का तेही तपासा.

मग सगळे संवाद जुन्या भाषेत लिहायचे का? मी करून पाहिलं. 1616 मध्ये राशोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणाची ओवीबद्ध मराठी वाचून त्या वळणाचे संवाद लिहिले. माझ्या बहिणीने दोन पानं वाचून वही बाजूला ठेवली. शिवाय माझी माणसं घरात बोलत होती ती कोंकणी, पोथी वाचत होती ती मराठी. शेवटी मी साधी, आजची, पण आधुनिक कल्पना नसलेली मराठी ठेवली आणि हाकेला, शिवीला, रडण्याला कोंकणी. आई मुलाला "पुता" म्हणते, त्याचं भाषांतर केलं नाही.

आधुनिक कल्पनांबद्दल मात्र सर्वात कडक राहा. त्या माणसांना 'गोवा' म्हणून आजचा नकाशा दिसत नव्हता. त्यांना दिसत होता गाव, वांगड (गावातला कुळांचा गट), कुळाचा देव आणि शेताचा बांध. माझ्या एका विद्यार्थ्याने 1583 च्या गावकऱ्याच्या तोंडी स्वातंत्र्यावर भाषण घातलं होतं. भाषण उत्तम होतं, पण ते 18 जून 1946 च्या मडगावचं, राममनोहर लोहियांच्या सभेतलं होतं. आपल्याला जे म्हणायचंय ते पात्राच्या तोंडी न घालता पात्राच्या कृतीत शोधावं लागतं.

चाळीस पानांचा एक बांध

खाजन शेतीवर मी चाळीस पानं टिपणं काढली होती. नदीकाठची खारवट जमीन, मातीचे बांध, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप भरतीच्या पाण्याने मिटते आणि ओहोटीला उघडते ती रचना, खारं पाणी सोसणारा कोरगूट भात, मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव). 1526 मध्ये पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाने गावकारीचे रिवाज लिहून काढले तो दस्तऐवजही वाचला. पहिल्या खर्ड्यात ते असं आलं होतं:

"साष्टी आणि बारदेश 1543 मध्ये आदिलशहाकडून पोर्तुगीजांकडे गेले होते. येथील गावकारी ही प्राचीन संस्था होती. खाजन जमिनीचे बांध राखणे हे तिचे मुख्य काम असे. थोरला भाऊ म्हणाला, 'तुला ठाऊकच आहे, सतरा वर्षांपूर्वी आपला गाव फिरंग्यांकडे गेला.'"

ठाऊकच आहे तर सांगतो कशाला? दोघांना माहीत असलेली गोष्ट एकमेकांना सांगणारी पात्रं दिसली की समजा, लेखक वाचकाशी बोलतो आहे. आता तो प्रसंग असा आहे:

"'तू ये,' थोरला म्हणाला.
धाकट्याने मानशीच्या फळीवर हात ठेवला. फळी आतून थरथरत होती. पाणी चढायला लागलं होतं.
'मी आलो तर ही कोण बघणार?'
'देवी बघेल.'
'देवी तर तुम्ही नेताय.'"

इथे झडपेचं काम वाचकाला अर्धंच कळतं, ते चालतं. बांध फुटला तर खारं पाणी शिरून शेत दोन-तीन पावसाळे वाया जातं, हे पुढे एका वाक्यात येतं. चाळीस पानांतलं एवढंच उरलं. पण चाळीस पानं वाचली नसती तर धाकट्याचा हात त्या फळीवर गेला नसता.

असं छाटायला मी एक पद्धत वापरते. प्रसंग लिहिताना पुस्तक उघडत नाही. अडलं तिथे लाल शाईने गोल काढते आणि पुढे जाते: ○ होडीत किती माणसं? ○ दिवट्या कसल्या तेलाच्या? प्रकरण संपलं की गोल मोजते. जे गोल न भरताही प्रसंग उभा आहे ते खोडते. उरलेल्यांची उत्तरं शोधायला बसते. यामुळे अभ्यासाला शेवट येतो. नाहीतर माणूस वर्षानुवर्षं वाचतच राहतो. एक शेराफिन म्हणजे पाच टंका, एक टंका म्हणजे 60 रेईस, हे शोधायला मला आठवडा लागला, आणि शेवटी माझा तारी पैसे घेतच नाही.

काय बदलायचं नाही

कागदावर जे पक्कं आहे ते मी हलवत नाही. साल, हुकूम, कुणी कुणाला मारलं, कोणतं देऊळ पडलं. नाट्यासाठी दोन घटना एका रात्रीत कोंबायचा मोह होतो. मग आपण निवडलेली घटनाच अपुरी आहे का, ते आधी बघा. नोंद असलेल्या खऱ्या माणसाला मी दुरून दाखवते आणि त्याच्या तोंडी निर्णायक वाक्य घालत नाही. कागद जिथे गप्प आहेत तिथे मात्र मनमोकळं लिहावं. वल्हं कोणाच्या हातात होतं, मूर्ती कुणाच्या जुनेऱ्यात गुंडाळली होती, मागे वळून कोणी पाहिलं. ती जागा आपली आहे. पुस्तकाच्या शेवटी दीड पानाचं टिपण द्या, आणि वाडा, देवी, माणसं आपण केलेली आहेत हे त्यात सरळ सांगा.

गोव्यावर लिहिताना आणखी एक जबाबदारी येते. त्या रात्री जे नदी ओलांडून गेले त्यांची मुलं आज इथे आहेत, आणि जे राहिले त्यांचीही. कुंकळ्ळीत वर्षातून एकदा फातर्प्याहून देवी छत्र्यांच्या मिरवणुकीत आपल्या जुन्या गावी येते, आणि तिच्या बारा वांगडांत ख्रिस्ती घरंही आहेत. धाकटा भाऊ राहतो आणि बाप्तिस्मा घेतो, हे प्रकरण मी आमच्या ख्रिस्ती शेजारणीला वाचून दाखवलं. त्या खर्ड्यात तो जमिनीच्या लोभाने राहतो असं होतं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "टीचर, आमच्या घरांत सांगतात, कोणीतरी बांध सांभाळायला राहिलं. नाहीतर गाव पाण्यात गेला असता." हे कुठल्या दप्तरात नाही. पण वर दिलेला मानशीवरचा प्रसंग तिच्या त्या वाक्यातून आला. तुमच्या कथेत ज्यांच्या पूर्वजांना तुम्ही दोष देताय, त्यांच्यापैकी एकाला तरी छापण्याआधी वाचून दाखवा.

आणि ज्याचं काम तुम्ही लिहिलंय त्यालाही. कादंबरी पुरी झाल्यावर मी पुन्हा दुर्भाटला गेले आणि होडीचं प्रकरण त्या तारीला मोठ्याने वाचून दाखवलं. डोळे मिटून त्याने सगळं ऐकलं. होडी काठाला लागते तिथे त्याने हात वर केला. "थंय वल्हें चलना," म्हणाला. काठाजवळ चिखल, तिथे वल्हं रुततं. तारी ते आत घेतो आणि बांबू टेकतो. बांबू चिखलातून ओढताना मोठा आवाज होतो, म्हणाला. रात्री तर पलीकडच्या काठापर्यंत जातो.

घरी येऊन मी शेवटची दोन पानं पुन्हा लिहिली. आता पैलतीर हाताच्या अंतरावर आहे, मूर्ती भटाच्या मांडीवर आहे, आणि तारी बांबू चिखलात टेकून, तो उपसायचा की नाही या विचारात, काळोखात पाणी ऐकत उभा आहे.